गॅलरीतल्या कुंड्या : पावसाआधी काय बदलायचं?

पर्वरीकर
मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

फ्लॅटच्या गॅलरीत, म्हणजे नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद जागेत, भाजी आणि फुलझाडं वर्षभर कशी टिकवायची हा विषय. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेतल्या गच्चीसाठी असतात. आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग ऑक्टोबरात एकदम कडक ऊन. कुंडी तीच, माती तीच, आणि हवा मात्र दोन टोकांची.

माझं मत असं की गोव्यात कुंडीतलं झाड पाण्याअभावी फार कमी वेळा मरतं. मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मरतं. तेव्हा सगळी तयारी निचऱ्यापासून सुरू व्हावी. तळाला खापऱ्या-खडी घालावी का, मिश्रण पावसासाठी वेगळं करावं का, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत जून ते सप्टेंबर नेमकं काय लावावं, यावर जाणकारांनी लिहावं.

अबोली
खापऱ्या हव्यातच. तळाला दोन इंच खडी, वर माती. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय.

कुळागर
अबोलीताई, इथे असहमत. खडीचा थर निचरा वाढवत नाही, उलट मुळांची जागा कमी करतो.

पाणी बारीक कणांच्या मातीतून मोठ्या पोकळीच्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा थर असायचा, तो खडीच्या वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो. या ओल्या थराची उंची मिश्रणावर ठरते. कुंडी सहा इंची असो की बारा इंची, मिश्रण तेच असेल तर थर तेवढाच. म्हणून उथळ कुंडी पावसात जास्त सडते, कारण तिच्यात कोरडा भाग उरतच नाही.

पटत नसेल तर भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज घ्या. पूर्ण भिजवा, आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. खालच्या कडेतून पुन्हा पाण्याची धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. पावसाळ्यासाठी उंच कुंडी घ्या असं म्हणतात ते यासाठी.

मडगावचा माळी
कुळागर यांच्या मुद्द्याला अनुमोदन, पण एक पुरवणी. डिचोलीच्या मातीच्या कुंड्यांना तळाला एकच मोठं भोक असतं. त्यावर एक बाकदार खापरी पालथी ठेवलीच पाहिजे, नाहीतर माती वाहून जाते किंवा भोकात बसून बुच होतं. एक खापरी वेगळी आणि दोन इंच खडीचा थर वेगळा. अबोलीताईंच्या घरची मूळ पद्धत बहुधा खापरीचीच असेल, खडी नंतर आली.

प्लास्टिकच्या कुंडीला खापरीही नको. मच्छरदाणीचा तुकडा पुरे. बारा इंची कुंडीला १० मिलिमीटरची पाच-सहा भोकं हवीत, आणि त्यातली निम्मी बाजूच्या भिंतीला, तळापासून एक सेंटिमीटर वर पाडा. लादीवर कुंडी घट्ट बसली तर तळाची भोकं बंद होतात, बाजूची चालू राहतात. ड्रिलने जुनं प्लास्टिक तडकतं. सोल्डरिंग आयर्न किंवा तापवलेला स्क्रू-ड्रायव्हर वापरा, कडा गुळगुळीत येते. खिडक्या उघड्या ठेवून करा, धूर वाईट असतो.

आणि कुंडीखाली लादीचे तीन तुकडे ठेवून ती दोन सेंटिमीटर उचला. चार तुकडे ठेवले तर डुगडुगते.

अबोली
खापरी एकच, हे पटलं. मग ज्या कुंड्या आधीच खडी घालून भरल्या आहेत त्यांचं काय करायचं? सगळ्या उपसायच्या?

कुळागर
नको. सुती किंवा नायलॉनच्या जुन्या कापडाची बोटभर रुंद पट्टी भोकातून वर सरकवा, चार इंच आत मातीला टेकेल अशी, आणि चार इंच खाली लोंबती ठेवा. वात जशी तेल ओढते तशी ती तळाचं पाणी खाली ओढून घेते. मात्र खडी खूप जाड असेल आणि पट्टी मातीपर्यंत पोचत नसेल तर उपयोग नाही, मग उपसावंच लागेल.

फोंडेकर
मिश्रणाबद्दल. बहुतेक लोक कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा), गांडूळखत आणि माती समान भाग घेतात. ऑक्टोबर ते मे हे उत्तम. पावसात मात्र कोकोपीट निम्म्याने कमी करा.

उघड्यावरच्या कुंडीसाठी मापाने, म्हणजे वजनाने नाही, घमेल्याने मोजून : जांभ्याची बारीक खडी (तांदळाच्या कणीपासून वाटाण्याएवढी, धूळ चाळून काढलेली) दोन भाग, परसातली लाल माती एक, गांडूळखत एक, कोकोपीट अर्धा, भाताचा करपवलेला तूस एक. तूस राख होईपर्यंत जाळायचा नाही, काळा झाला की पाणी मारून विझवायचा. पांढरी राख मिसळू नका.

जांभी माती आम्लधर्मी असते. १० लिटर मिश्रणाला ३० ग्रॅम डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) घाला, साधारण दोन मोठे चमचे. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात, आणि आपल्या धुऊन गेलेल्या मातीत दोन्ही कमीच असतात.

हिरवी गॅलरी
फोंडेकर, तुमचं मिश्रण अंगणासाठी आदर्श आहे, फ्लॅटसाठी जड. बारा इंची कुंडीत १४-१५ लिटर मावतं. माती-खडीचं ओलं मिश्रण लिटरला दीड किलोच्या वर जातं, म्हणजे एक कुंडी बावीस-चोवीस किलो. कोकोपीट-गांडूळखताची तीच कुंडी चौदा-पंधरा किलोत बसते. गॅलरीत दहा कुंड्या असतील तर हा फरक मोठा आहे. आणि पुढचा मुद्दा म्हणजे छप्पर असलेल्या गॅलरीत पाऊस थेट पडतच नाही, वाऱ्याने तिरका येतो तेवढाच. मग कोकोपीटवर एवढा राग कशाला?

त्यातल्या खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. एक, क्षार. सोडणं मचूळ पाण्यात कुजवलेली असली तर कोकोपीटमध्ये मीठ उरतं. पाच किलोची वीट फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. ती गोड्या पाण्यात दोनदा भिजवून पिळून घ्या. दुसरी, वरचा थर वाळलेला दिसतो आणि आत ओल असते, म्हणून लोक रोज पाणी घालतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, किंवा कुंडी एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्या. तिसरी, एकदा पूर्ण कडक वाळलं की ते पाणी घेतच नाही, कडेने ओघळून जातं. मग कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची.

फोंडेकर
छपराखालच्या गॅलरीबद्दल तुमचं बरोबर. माझं मिश्रण उघड्या गच्चीसाठी आणि अंगणासाठी असं वाचावं.

पर्वरीकर
वजनाचा मुद्दा महत्त्वाचा. जड कुंड्या भिंतीला लागून, हलक्या कठड्याकडे, हे बरोबर ना?

हिरवी गॅलरी
हो. आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूला काहीही टांगू नये. दोन फुटी लांबट कुंडी ओली झाली की पंधरा किलोच्या पुढे जाते, आणि वारा सुटला की हुकावर त्याहून जास्त ओढ येते. ग्रिलच्या आत ठेवा, तळाला ताट आणि ताटात विटेचा तुकडा. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी पडलं की सोसायटीची बैठक झालीच म्हणून समजा.

सांताक्रूझ
ताटाचा विषय निघाला म्हणून. पावसाळ्यात ताटं काढून टाका. साचलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची अंडी आठवड्या-दहा दिवसांत डास होऊन उडतात. काढता येत नसतील तर ताट वाळूने काठोकाठ भरा. पाणी वाळूत राहतं, डासाला उघडं पाणी मिळत नाही. आठवड्यातून एकदा ताट नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. ब्रशने घासा.

खाली पाण्याची टाकी असलेल्या कुंड्याही यातच आल्या. उन्हाळ्यात त्या छान, पण पावसात खालचं बूच काढून ठेवा आणि भोकाला जाळी लावा.

उत्तरायण
मूळ प्रश्नाचा तिसरा भाग राहून गेला, दक्षिणेकडची गॅलरी. झाड निवडण्याआधी ऊन कुठून येतं ते पाहू.

पणजी साधारण साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिण गॅलरीत थेट ऊन जवळजवळ शून्य, ढग असोत वा नसोत. डिसेंबरात उलट : दुपारी सूर्य दक्षिणेला ५१ अंशांवर, ऊन खोलवर घरात येतं. म्हणजे दक्षिण गॅलरीचा भाजीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मिरची, वांगी, टोमॅटो तेव्हाच.

उत्तर गॅलरीला मे महिन्यात अनपेक्षित कडक ऊन लागतं आणि लोक गोंधळतात. पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी, वर्षभर सकाळचं ऊन. पश्चिमेला दुपारनंतरचा ताप आणि पावसात नैर्ऋत्येचा मारा, दोन्ही सोसावे लागतात.

आणखी एक. कठडा तीन फुटी भरीव असेल तर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा त्याला लागून अडीच फूट लादी सावलीत राहते. कुंड्या जमिनीवर ठेवून “ऊन असून फळ नाही” म्हणणाऱ्यांनी त्या दोन फूट उंच स्टँडवर चढवून पाहाव्यात.

मडगावचा माळी
हे फार मोलाचं लिहिलंत. फळभाजीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीला तीन-चार चालतात. ही अट पाळली नाही तर खत कितीही घाला, नुसता पाला येतो.

अबोली
जरा अवांतर. वृंदावनातली तुळस दर पावसात काळी पडून मरते. तिचं काय?

कुळागर
अवांतर कसलं, गोव्यातली सगळ्यात जुनी कुंडी तीच. बहुतेक वृंदावनांत वरचा पोकळ भाग निमुळता असतो आणि पाणी जायला वाट एकतर नसते किंवा गाळाने बुजलेली असते. बाजूने, मातीच्या तळाच्या पातळीला, बोटभर जाड भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं करून घ्या आणि त्यात पाइपचा तुकडा बसवा. आतली माती उपसून अर्धी जांभ्याची कणी मिसळा. नवं सिमेंट असेल तर आधी आठ-दहा दिवस पाणी भरून, बदलून, धुऊन काढा, चुना उतरतो.

पावसात रोजच्या पूजेचं पाणी तांब्याभर नको, पळीभर घाला. आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा. बी धरलं की तुळस आपोआप म्हातारी होते.

दर्याकाठ
वास्को, मिरामार, दोना पावलाच्या लोकांसाठी : मेअखेरचा कोरडा जोराचा वारा पावसापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्यात मीठ असतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात, आणि लोक त्याला रोग समजून फवारणी करतात. वारा पडला की संध्याकाळी पानं गोड्या पाण्याने धुवा. ग्रिलला आतून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. प्लास्टिकचा कागद लावू नका, वारा त्याला शिडासारखा ओढतो आणि ग्रिलचे खिळे सैल होतात. चवळी, वाल यांना मीठ सोसत नाही. मायाळू आणि चिनी गुलाब बरेच तग धरतात.

ताळगावकार
टोमॅटोबद्दल कोणी सांगेल का? हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकतं, पानं पिवळीही पडत नाहीत. पाणी घातलं तरी उठत नाही.

कुळागर
बहुतेक जिवाणूजन्य मर. आपल्या उबदार, ओल्या, आम्लधर्मी मातीत फार आढळते, वांग्याला आणि मिरचीलाही होते. खात्री करायची असेल तर खोड जमिनीलगत कापा, दोन-तीन इंचांचा तुकडा घ्या आणि काचेच्या स्वच्छ ग्लासातल्या पाण्यात खालचं टोक बुडेल असा हलवल्याशिवाय धरा. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखे पांढरे बारीक धागे खाली उतरताना दिसले तर तीच. बुरशीची मर असेल तर धागे दिसत नाहीत.

औषध नाही. झाड मुळासकट काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका आणि भाटातही (बागायतीतही) फेकू नका, कुंडी ब्लीचने धुवा, कात्रीसुद्धा. पुढच्या वेळी ‘अर्का रक्षक’ किंवा ‘अर्का सम्राट’ लावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे हे वाण या मरीला प्रतिकार करतात. रानवांग्यावर कलम केलेली रोपं मिळाली तर उत्तम.

हिरवी गॅलरी
टोमॅटोत भर. रात्रीचं तापमान चोवीसच्या वर राहिलं की मोठ्या टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून बी ऑक्टोबरात टाका, फळं जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. चेरी टोमॅटो उष्णतेत जास्त तग धरतो. कुंडी वीस लिटरच्या खाली नको. फळाच्या टोकाला काळा चामडी डाग पडला तर अंड्याची टरफलं टाकून उपयोग नाही, ती विरघळायला महिने लागतात. पाणी कधी कमी, कधी जास्त झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, हे खरं कारण. पाणी नियमित करा, वर पालापाचोळा पसरा.

सांताक्रूझ
कोवळी रोपं बुडाशी करकोचून आडवी पडतात त्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) चालेल का? पोफळीला मारतात तेच?

फोंडेकर
ट्रेमधल्या रोपांना आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), लिटरला पाच ग्रॅम, मुळाशी. बोर्डो त्याच आठवड्यात नको, तांबं ट्रायकोडर्मालाही मारतं.

मोठ्या मिरची-वांग्याच्या पानांवर ठिपके वाढले तर बोर्डो चालतं, पण पोफळीचं एक टक्का कुंडीतल्या कोवळ्या पानांना जाळतं. अर्धा टक्का करा : एका प्लास्टिकच्या मगात अर्धा लिटर पाणी आणि पाच ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात अर्धा लिटर आणि पाच ग्रॅम कळीचा चुना. मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्यात ओता. मग लोखंडी चकचकीत खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. खिळा स्वच्छ राहिला की फवारा, त्याच दिवशी संपवा. पालेभाजीवर अजिबात नको.

ताळगावकार
मासळी धुतलेलं पाणी कुंडीत घालतात ते योग्य का? पूर्ण इमारतीची मांजरं गोळा होतात, एवढं मात्र नक्की.

मडगावचा माळी
मांजरांची पसंती हा खताचा दर्जा नव्हे. :) कच्चं पाणी कुंडीत कुजतं, अळ्या होतात, आणि मासे मिठाच्या बर्फातले असतील तर क्षार जातात. त्यापेक्षा बांगड्या-तारल्यांची डोकी-आतडी आणि तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत पाऊण भरा, तोंडाला कापड बांधा, सावलीत तीन-चार आठवडे ठेवा. गाळून घ्या. लिटरला दोन-तीन मिली, पंधरा दिवसांतून एकदा. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, वायू धरतो.

पावसात नत्र आणि पालाश धुऊन जातं. एकदाच भरपूर खत देण्यापेक्षा बारा इंची कुंडीला दर पंधरवड्याला दोन मुठी गांडूळखत द्या.

पर्वरीकर
माहितीचा खजिना झालाय धागा. पण माझी गॅलरी दक्षिणेची, जून तोंडावर. उत्तरायण म्हणतात तसं ऊन नाही. मग रिकामीच ठेवू?

उत्तरायण
छे, रिकामी का? उजेड भरपूर असतो, थेट ऊन नसतं एवढंच. अळू, मायाळू, पुदिना, पानाचा ओवा, आलं, हळद. अळूला ताटात पाणी चालतं, पण डासांमुळे वाळू भराच. हळदीला बारा बाय बाराची ग्रो-बॅग, कंद दोन इंच खोल, आणि आत्ताच लावा, पाऊस जमल्यावर नाही. पुदिन्याला खोली नको, पसरट जागा हवी.

मडगावचा माळी
तांबडी भाजीही (लाल माठ) करून पाहा, तीन तास उजेड-ऊन मिळत असेल तर. बी खसखशीएवढं. पाचपट कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवा, वर फक्त तीन मिलिमीटर बारीक माती. उगवेपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, वर ओलं गोणपाट. गॅलरीच्या कडेला ठेवली तर तिरक्या पावसाने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. रोपं बोटभर अंतरावर विरळा, पंचवीस-तीस दिवसांत भाजी. सावलीत तांबडा रंग फिका येतो, चव बिघडत नाही.

अबोली
आणि खोल्याची, म्हणजे खोला गावची मिरची?

कुळागर
काणकोणात ती पावसात डोंगरउतारावर होते, पाणी पायाशी थांबत नाही म्हणून. तुमच्याकडे उघडी, पूर्वेची जागा असेल तर फोंडेकरांचं मिश्रण, बारा इंची उंच कुंडी, आणि आत्ता बी. पर्वरीकरांच्या दक्षिण गॅलरीत नको. त्यांनी सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबरात रोप लावावं. पानं वर वळून चुरडली तर थ्रिप्स (फुलकिडे), खाली वळली तर कोळी (बारीक कोळीकीड). दोन्हींसाठी निंबोळी तेल पाच मिली, लिक्विड सोप एक मिली, एक लिटर पाणी, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला.

पर्वरीकर
ठरलं. हळद, आलं, अळू, पुदिना आत्ता, मिरची ऑक्टोबरात. गेल्या हंगामातली जुनी माती दोन पोती आहे, ती वापरता येईल का?

फोंडेकर
मर लागलेली नसेल तर येईल. आधी मुळं चाळून काढा, माती मुठीत वळेल इतपत ओली करा, पारदर्शक जाड प्लास्टिकच्या पिशवीत सहा इंचांपेक्षा जाड थर न करता भरा, तोंड बांधा आणि गच्चीवर थेट उन्हात ठेवा. काळी पिशवी नको, तिच्यात ऊन आत शिरत नाही. चार ते सहा आठवडे हवेत, म्हणून खरं तर हे काम एप्रिलचं. आत्ता भरलीत तर पाऊस येईपर्यंत अर्धंच होईल. ती माती हळदीला चालेल, तिसरा हिस्सा ताजं गांडूळखत मिसळून. मिरचीसाठी उरलेलं पोतं कोरडं करून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा तापवून घ्या, रोप मग महिन्याभराने लावलं तरी चालेल.